ब्रिस्टलचा किमयागार: थॉमस नॉर्टन

१४०४ साली, चौथ्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत, इंग्लंडमध्ये एक कायदा झाला. सोनं किंवा चांदी वाढवण्याची विद्या यापुढे कुणीही वापरायची नाही. वापरली तर तो मोठा गुन्हा. हा कायदा थेट १६८९ मध्ये रद्द झाला, तोही रॉबर्ट बॉईलसारख्या शास्त्रज्ञाने खटपट केली तेव्हा. मधल्या काळात राजेच निवडक लोकांना किमयेचे परवाने देत राहिले. म्हणजे सोनं बनवता येतं, यावर बंदी घालणाऱ्यांचाही विश्वास होता.

हा कायदा लागू असतानाच, १४७७ मध्ये, ब्रिस्टल बंदरातल्या एका माणसाने एक दीर्घ काव्य लिहायला घेतलं. तीन हजारांहून जास्त ओळी, विषय किमया, आणि भाषा साधी इंग्रजी. हे काव्य म्हणजे ‘द ऑर्डिनल ऑफ अल्केमी’, आणि तो माणूस थॉमस नॉर्टन.

इंग्रजीत का लिहिलं, तेही तो सांगतो. विद्वानांचे ग्रंथ लॅटिनमध्ये, आणि सोन्याचं वेड मात्र सगळ्यांना. पोप, कार्डिनल, बिशप, राजे तर आहेतच. पण विणकर, गवंडी, चामडं कमावणारे, शिंपी, काचकाम करणारे, भांड्यांना डाग देत फिरणारे, सगळे भट्टी पेटवून बसलेत. गाठीला होतं ते धुरात चाललंय. या माणसांना कुणीतरी त्यांच्या भाषेत खरं सांगायला हवं, असं नॉर्टनला मनापासून वाटत होतं. गंमत म्हणून त्याने हे लिहिलेलं नाही. किमया ही त्याच्यासाठी पवित्र विद्या आहे. ती देवाच्या कृपेने मिळते, गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाते, आणि शपथेवरच दिली जाते. पोटचा मुलगा असला, तरी पात्रता नसेल तर त्यालाही द्यायची नाही.

(दृश्य: हस्तलिखितातलं चित्र. गुरू गुडघे टेकलेल्या शिष्याच्या हाती ग्रंथ देतो आहे.)

त्याला स्वतःला ती कशी मिळाली? त्याने एका जाणत्या गुरूला पत्रं लिहिली, बोलावणं आलं, आणि शंभर मैलांहून जास्त घोडदौड करून तो गेला. वय जेमतेम २८. चाळीस दिवसांत गुरूने त्याला सगळं शिकवलं. हा गुरू म्हणजे ब्रिडलिंग्टनचा नामांकित किमयागार जॉर्ज रिप्ली, असं पुढे लोक सांगू लागले. नॉर्टनने मात्र गुरूचं नाव लिहिलेलं नाही.

तो सांगतो की त्याने सोन्याचं रसायन सिद्ध केलं, आणि नोकराने ते चोरलं. मग संजीवक रस तयार केला, तर तोही ब्रिस्टलच्या एका व्यापाऱ्याची बायको घेऊन गेली. ती कोण, यावर नंतरच्या काळात बरेच तर्क झाले. सेंट मेरी रेडक्लिफ हे देखणं चर्च उभारायला पैसा देणारा विल्यम कॅनिंजेस, त्याचीच ही बायको, असंही बोललं गेलं. पुरावा काही नाही.

या काव्यात सगळ्यात जिवंत आहेत ती माणसं. नॉर्मंडीचा एक साधू आहे. परीस हाती येणारच, या खात्रीने सॉल्झबरीच्या माळावर पंधरा मठ बांधायचे बेत तो आधीच करून बसलाय. लंडनजवळचा एक पाद्री आहे. त्याला थेम्स नदीवर असा पूल बांधायचाय, की त्याच्या कळसांवरची रत्नंच रात्री उजेड देतील. आणि टॉन्साइल नावाचा म्हातारा आहे. साठ वर्षं तो आगीसमोर राबला. केस, अंडी, मूत्र, मध, मेण, कळीचा चुना, हरताळ, सगळं भट्टीत घालून झालं. हाती काहीच आलं नाही. नॉर्टन त्याला हसत नाही. चुकीच्या कृतींच्या मागे एक अख्खं आयुष्य जळालं, याची हळहळ त्या ओळींत आहे.

पण थांबावं ते थॉमस डाल्टनच्या गोष्टीपाशी. डाल्टन हा देवभीरू माणूस, ग्लॉस्टरशायरच्या एका मठात राहणारा. परिसाची लाल भुकटी त्याच्याइतकी इंग्लंडमध्ये कुणाकडेच नाही, असा बोलबाला. हर्बर्ट नावाच्या राजसेवकाने त्याला मठातून जबरदस्तीने उचललं आणि चौथ्या एडवर्ड राजासमोर उभं केलं. दरबारात डेल्व्हिस नावाचा एक माणूस होता. त्याने राजाला सांगितलं, की या माणसाने अर्ध्या दिवसाच्या आत हजार पौंड उत्तम सोनं केलेलं मी पाहिलंय. डाल्टन त्याच्याकडे वळून म्हणाला, ‘तुम्ही शपथ मोडलीत.’ हे गुपित कुणाला सांगणार नाही, असं डेल्व्हिसने त्याला वचन दिलं होतं.

मग डाल्टन राजाला म्हणाला, की या भुकटीने मला दुःखाशिवाय काही दिलं नाही, म्हणून मी ती मठाजवळच्या पाण्यात टाकून दिली. लिचफिल्डच्या एका धर्मगुरूने मला ती दिली होती. नव्याने ती करता येत नाही. राजा हळहळला, पण त्याने डाल्टनला सोडून दिलं, वर चार मार्क एवढी रक्कम हातावर ठेवली. हर्बर्टने मात्र वाटेतच त्याला पुन्हा पकडलं आणि तुरुंगात डांबलं. गुपित काढून घ्यायला शेवटी वधस्तंभापर्यंत नेलं. डाल्टनने आनंदाने मान पुढे केली. मरायला तयार असलेल्या माणसाकडून काहीच मिळणार नाही, हे हर्बर्टला तेव्हा कळलं. डाल्टन सुटला, पण फार जगला नाही. डेल्व्हिसचं शिर, राजगादीसाठी झालेल्या ट्यूक्सबरीच्या लढाईनंतर, १४७१ मध्ये उडवलं गेलं.

मला विचाराल तर सोनं कसं करावं यापेक्षा, सोनं करता येतं अशी नुसती कुणकुण लागली तर माणसाचं काय होतं, हे नॉर्टनने जास्त नेमकं सांगितलंय.

(दृश्य: प्रयोगशाळेचं चित्र. खाली दोन मदतनीस भट्टीशी, वर टेबलाशी बसलेला उस्ताद, समोर तराजू.)

हे चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या, पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. तराजू नीट बघा. तो काचेच्या पेटीत ठेवलाय. वाऱ्याच्या झुळकीने पारडं हलू नये, म्हणून रसायनाच्या प्रयोगशाळेत आजही हेच करतात. काचपेटीतल्या तराजूचं माहीत असलेलं हे सगळ्यात जुनं चित्र मानलं जातं.

नॉर्टनचं लक्ष असंच बारीक आहे. मदतनीस आठ हवेत, निदान चार तरी. निम्मे काम करतील तेव्हा बाकीचे झोपतील किंवा चर्चला जातील, कारण आग रात्रंदिवस एकसारखी राहिली पाहिजे. पदार्थ कुठवर आलाय हे रंगावरून ओळखायचं, वासावरून, चवीवरूनसुद्धा. थर्मामीटर नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आणि भट्टीबद्दल लिहिताना त्याला अभिमान लपवता येत नाही: मी एक नवी भट्टी शोधली आहे, तिच्यात साठ वेगवेगळी कामं साठ वेगवेगळ्या उष्णतेवर चालतात, आणि सगळ्यांना पुरते ती फूटभर चौरसातली एक लहानशी आग.

हा नॉर्टन होता कोण? अभ्यासकांच्या मते बहुधा ब्रिस्टलचा तोच थॉमस नॉर्टन, ज्याने १४७९ मध्ये शहराचा महापौर विल्यम स्पेन्सर याच्यावर राजद्रोहाचा आरोप केला. राजाने महापौराला निर्दोष ठरवलं. चिडलेल्या नगरवासीयांनी उलट तक्रार लिहिली, की हा गृहस्थ दारूच्या गुत्त्यांत पडलेला असतो, उशिरापर्यंत लोळतो, आणि प्रवचनाच्या वेळी टेनिस खेळतो. पवित्र विद्येबद्दल इतक्या तळमळीने लिहिणारा आणि हा माणूस एकच असेल? शत्रूंनी रंगवलेलं चित्र आहे, ते तेवढ्याच सावधपणे घ्यावं. नॉर्टन घराण्याचा ब्रिस्टलमधला वाडा पुढे हातोहात फिरला. १६९६ मध्ये तर तिथे टांकसाळ चालली. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात तो नष्ट झाला.

काव्यावर लेखकाचं नाव नव्हतं. पण नक्कल करणाऱ्यांना नॉर्टनची ताकीद होती: एक अक्षरही बदलू नका, एका अक्षराने हा ग्रंथ निकामी होईल. प्रस्तावनेचं आणि पुढच्या प्रकरणांचं आद्याक्षर ओळीने वाचत गेलं, की निघतं: टो-मेस नॉर्-टन ऑफ ब्रिस्टो. नक्कलकारांनी ताकीद पाळली म्हणून आपल्याला हे नाव कळलं.

१६१८ मध्ये मिखाएल मायर या जर्मन वैद्याने या काव्याचा लॅटिन अनुवाद छापला. १६५२ मध्ये इलायस ॲशमोल या इंग्रज संग्राहकाने इंग्रज किमयागारांच्या काव्यांचा मोठा संग्रह लंडनमध्ये काढला आणि पहिला मान नॉर्टनला दिला. त्या संग्रहाची एक प्रत आयझॅक न्यूटनकडे होती. त्याने ती वाचली, तिच्यावर नोंदी केल्या. ती प्रत आता अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.