ओटीवरची मंडळी

पत्र्याचं छप्पर, सारवलेली ओटी, खुंटीवरून नुकताच उतरवलेला मृदंग. नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर रविवारची संध्याकाळ. आजीच्या मांडीवर ‘उपासना संगीत’, मराठी ख्रिस्ती भजनांचं पुस्तक. पुठ्ठा कधीच गेलाय, कडा बोटांनी काळ्या पडल्यात. आजीला वाचता येत नाही. पण कोणतं भजन कोणत्या पानावर, ते ती बोट ठेवून दाखवते.

इथे क्रूस नाही, घंटा नाही. तरी ही मंडळीच आहे, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा मेळा.

अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेनं नगरला ठाणं मांडलं ते १८३१ साली. पुढे १८७८ मध्ये मिशनच्या डॉ. ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली. खेड्यात मंडळी रुजवली ती मात्र मास्तरांनी. आठवडाभर पाटी-पेन्सिल, रविवारी त्याच खोलीत उपासना. ज्यांना गाव शिवूनही घेत नव्हतं, त्या वस्त्यांमधल्या मुलांनी अशा खोल्यांत पहिली अक्षरं गिरवली.

१८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि ख्रिस्त अभंगात आला. टाळ-मृदंगासह, आपल्या बोलीत! या ओटीवर आज जे घुमतंय, त्याचं मूळ तिथे आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एका पंगतीला. दोनच वर्षांत टिळक गेले.

आता हा तरुण बघा. दिवसभर ऊसतोड करून आलाय, हातावर पाचटाचे ओरखडे आहेत. समोर शेजारचे भाऊ. बायबलच्या नव्या करारातला एक उतारा तो वाचतो आणि पुस्तक मिटतो. भाऊंनी तो आपल्या शब्दांत सांगायचा. अडखळले, तर पुन्हा वाचायचा. मग दोनच प्रश्न: यातलं या आठवड्यात काय पाळणार? आणि कुणाला सांगणार? भाऊ बराच वेळ गप्प राहतात. मग मेव्हण्याचं नाव घेतात. मेव्हण्याच्या घरी तीन माणसं बसू लागली, की तिथे नवी मंडळी. शिष्यानं शिष्य करायचा, तो असा.

पण दलितानं बाप्तिस्मा घेतला, की राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती जातात, भावकीही तुटते.

भजन संपलं. ‘सलाम, आजी.’ ‘सलाम, लेकरा.’ तरुण मृदंगाला गवसणी घालतो, मोटारसायकलवर मागे बांधतो. भाऊ दिवा उंच धरतात. मेव्हण्याची वस्ती कॅनॉलच्या पलीकडे आहे.