मूनलाइट सोनाटाचा वजनदार भाग

मंडळी, जर्मन संगीतकार बेथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटावर, म्हणजे पियानोसाठी लिहिलेल्या त्याच्या तीन भागांच्या रचनेवर बोलायचं तर मला आधी त्या अंध मुलीबद्दल बोलावंच लागतं. आपल्यापैकी अनेकांनी ती गोष्ट लहानपणी वाचली असेल. बेथोव्हेन रात्री एका गल्लीतून चाललाय, एका चांभाराच्या घरातून पियानो ऐकू येतो. आत एक अंध मुलगी वाजवत असते. मेणबत्ती विझते, खिडकीतून चांदणं आत येतं आणि बेथोव्हेन बसल्या बैठकीला ही रचना वाजवून मोकळा होतो!

गोष्ट गोड आहे, पण अथपासून इतिपर्यंत रचलेली आहे. मला तिचा राग येतो, कारण ती त्या माणसाचे कष्टच पुसून टाकते. शेवटच्या भागाचे त्याच्या हातचे कच्चे खर्डे आजही उपलब्ध आहेत. खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा बदललेलं असं सगळं त्यांत दिसतं. मेणबत्ती विझण्याची वाट बघत बसणाऱ्याचं ते काम नव्हे.

बरं, चांदणंसुद्धा त्याचं नाही. रेलश्टाब नावाच्या जर्मन समीक्षकाला पहिला भाग ऐकून लुसर्न सरोवरावरचं चांदणं आठवलं, आणि बेथोव्हेनच्या पश्चात ते नाव कायमचं चिकटलं. बेथोव्हेनने स्वतः दिलेलं शीर्षक होतं ‘सोनाटा क्वाझी उना फांताझिया’, म्हणजे जवळजवळ कल्पनाविलासासारखी मोकळी सोनाटा.

मग लोक म्हणतात, चांदणं नसेल तर निदान प्रेमपत्र तरी असेल. अर्पण केली आहे ना काउंटेस जुलिएटा ग्विचार्दीला! ती त्याची शिष्या, आणि 1801च्या नोव्हेंबरात वेगेलर या मित्राला लिहिताना एका मोहक मुलीचा तो उल्लेख करतो, ती बहुधा हीच. पण तिला आधी द्यायचा होता एक रोंडो, म्हणजे मुख्य धून पुन्हापुन्हा परतणारी रचना. तो दुसऱ्या काउंटेसला द्यावा लागला, म्हणून ही सोनाटा हिच्या वाट्याला आली. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच वेगेलरला त्याने कळवलं होतं की कान अहोरात्र गुणगुणतात, आणि मी बहिरा आहे हे लोकांना सांगता येत नाही म्हणून मी माणसांत जाणं टाळतो. मला हे पत्र अर्पणपत्रिकेपेक्षा फार मोलाचं वाटतं.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. ज्यासाठी आलो ते आता भरभर सांगतो.

त्या काळी सोनाटाचा भार पहिल्या, जलद भागावर असे. इथे बेथोव्हेन तो उचलून शेवटी ठेवतो. आधी संथ, मग छोटा हलका भाग, मग प्रेस्तो आजितातो, म्हणजे अतिजलद आणि अस्वस्थ. विलंबितातून द्रुतात जाणाऱ्या आपल्या कानांना ही चढण ओळखीची वाटेल. पण खरी गंमत स्वरांत आहे. सुरुवातीला उजव्या हातात संथ तिहेरी गतीने फिरणारे जी शार्प, सी शार्प, ई हेच स्वर तिसऱ्या भागात पियानोभर वर उसळतात आणि वर पोचून दोन आघातांवर आपटतात. पहिल्या भागात जे दाबून धरलं होतं, तेच इथे सुटतं. म्हणून फक्त पहिला भाग ऐकून उठणाऱ्याने ही रचना ऐकलेलीच नसते, असं माझं ठाम मत आहे.

पेडलबद्दल, म्हणजे स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीबद्दल एकच गोष्ट. पहिला अख्खा भाग डॅम्पर, म्हणजे तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या, उचलून वाजवा, असं तो लिहितो. त्याच्या व्हिएन्नी पियानोत नाद लवकर विरे, आजच्या पियानोवर तसंच केलं तर स्वरांचा चिखल होतो, म्हणून प्रत्येक वादकाला इथे आपला निर्णय घ्यावा लागतो.

वारशाबद्दल बोलायचं तर, रशियन संगीतकार शोस्ताकोविचने 1975 साली, मृत्यूच्या तोंडावर लिहिलेल्या व्हायोला सोनाटाच्या अखेरच्या भागात हाच पहिला भाग आठवला आहे. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी सांगतो, बेथोव्हेन मात्र लोकांच्या या वेडाला वैतागला होता. याहून चांगलं मी लिहिलंय, असं त्याचं म्हणणं.

आता तिसरा भाग लावू या. आवाज जरा मोठा ठेवा.