पलंग भाड्याने मिळेल

पुण्यात सदाशिव पेठेत कुठल्याही बोळात शिरा, लाइटच्या खांबावर एक कागद चिकटवलेला दिसतोच. मुलांसाठी जागा, कॉट बेसिस. म्हणजे खोली नाही, नुसती कॉट. एमपीएससी करायला बीड, लातूर, नांदेडकडनं आलेला पोरगा इथे घर बघतच नाही, तो एक पलंग भाड्याने घेतो आणि पलंगाखाली त्याची बॅग.

ही खोली जरा नीट बघा. तीन कॉट, मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट, खिडकीच्या गजाला ओले टॉवेल, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा.

आता इथनं प्रभात रोडला चला, फार लांब नाही. तिथे जुने बंगले पाडून एका मजल्यावर एकच फ्लॅट अशा बिल्डिंगी उभ्या राहतायत. इकडे कॉट, तिकडे आख्खा मजला. मधलं घर, म्हणजे नुकतं लग्न झालेल्यांना, एकट्या बाईला, रिटायर्ड जोडप्याला पुरेल असं तीन-चारशे स्क्वेअर फुटाचं, ते कुठे गेलं?

पूर्वी होतं की. वाड्यात मालक माडीवर, खाली दोन खोल्यांची बिऱ्हाडं, जिन्याखाली एखादी एकच खोली, सगळे एकाच चौकात. संडासापुढे रांग असायची, ते काही कोणाला परत नकोय, पण वेगवेगळ्या ऐपतीची माणसं एका दारातनं ये-जा करायची हे खरंय.

माझी मावशी सहकारनगरला राहते, छोटा बंगला, मागे आउटहाऊस, आणि समोरचा रस्ता सहा मीटरचा. तिचं म्हणणं साधं होतं, बंगला पाडून नवीन बांधू, मी वरच्या मजल्यावर राहते, बाकी चार-पाच छोटी घरं काढू. पण आपल्याकडे डिसेंबर २०२० पासून बांधकामाची जी एकत्रित नियमावली आहे, सगळे यूडीसीपीआर म्हणतात ती, तिच्यात दाट वस्ती सोडली तर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१, वर पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय (प्रीमियम) नाही, दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क (टीडीआर) नाही, आणि रस्ता ९ मीटरचा झाला की तोच आकडा २ पर्यंत जातो. त्यात चारी बाजूंनी मार्जिन, म्हणजे मोकळी जागा सोडा, घरं वाढली की पार्किंग वाढवा, मग खालचा मजला गाड्यांनीच भरतो. बिल्डर म्हणाला, काकू, एवढ्या जागेत छोटी घरं परवडत नाहीत, मागचा प्लॉट मोठ्या रस्त्याला लागतो, तो जोडून घेऊ आणि मोठे फ्लॅट काढू.

त्याची चूक नाही हो, नियमच त्याला तिकडे ढकलतात. मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरच्या आतही तेच, रस्ता रुंद आणि प्लॉट मोठा असेल तेवढा एफएसआय जास्त, पार ४ पर्यंत. २० टक्के हिस्सा लहान घरांना ठेवायचा नियम आहे, पण तो ४००० चौरस मीटरच्या पुढच्या प्लॉटला, म्हणजे जवळजवळ एकर, आणि एवढी मोकळी जागा गावात आहे कुठे, त्यामुळे ती घरं शहराच्या कडेला जातात आणि माणसाचे दोन तास बसमधे.

अरुंद गल्लीत टॉवर नकोच, तिथे फायर ब्रिगेडची गाडी वळत नाही, ड्रेनेज लाइन जुनी आहे, ही काळजी मला पटते. पण तीनच मजले ठेवा ना, आणि त्यात तीनऐवजी सहा घरं बसू द्या. ज्या घरात गाडीच नाही त्याच्या नावाने पार्किंग मागू नका, मेट्रोपासून चालत अंतरावर तर नकोच. शेजारी तयार असेल तर सामाईक भिंत चालू द्या, पेठा तशाच तर उभ्या राहिल्या, सहा मीटर रुंद प्लॉटला दोन्हीकडे एकेक मीटर सोडलं तर तिसरा हिस्सा हवेतच गेला. आणि आउटहाऊस असेल तर ते वेगळं घर म्हणून कागदावर येऊ द्या. नियमावलीत बदल निघाला की हरकती-सूचना मागवतात, तेव्हा आपल्यासारख्यांनी हे लिहून द्यायला पाहिजे, नाहीतर तिथे फक्त मोठ्या प्लॉटवाले बोलतात.

मावशीच्या आउटहाऊसमधे सध्या एक नर्स राहते. पहाटे पावणेसहाला कडी लावून चालत ड्यूटीला जाते, जाताना किल्ली मावशीच्या तुळशीपाशी ठेवते. परवा नवीन बिल्डिंगचा नकाशा आला, मावशीने चष्मा लावून बराच वेळ बघितला, आणि बोट ठेवून विचारलं, ही हिची खोली ना? तिथे पार्किंगचा रॅम्प होता.