पिकात उमटलेलं विल्टशर

(दृश्य: विमानातून गव्हाचं शेत, पिकात गडद वर्तुळ)

जून संपत आलाय. इंग्लंडच्या विल्टशर काउंटीतल्या या शेतात गहू पिवळा पडू लागलाय, मधलं वर्तुळ मात्र अजून हिरवंगार. त्याच्याखाली चर आहे, सुमारे 4000 वर्षांपूर्वी दफनाच्या टेकाडाभोवती खणलेला. टेकाड नांगरटीत सपाट झालं. चर बुजला, पण गेला नाही.

(दृश्य: जवळून माती, मुळं, पांढरा थर)

इथली जमीन हलकी. वीतभर माती, की खाली लगेच पांढरा चॉक, म्हणजे मऊ चुनखडी. बुजलेल्या चरात माती खोल असते आणि ओल धरून ठेवते. पावसाने ओढ दिली की चरावरचा गहू उंच वाढतो, उशिरा पिकतो. गाडलेल्या भिंतीवर उलटा प्रकार: मुळांना खाली जागाच नाही, त्यामुळे पीक खुजं राहतं आणि आधी पिवळं पडतं. सर्वांत स्पष्ट खुणा सातू दाखवतो. गवत चिवट, ते कडक दुष्काळाशिवाय काही सांगत नाही. आणि पाऊस वेळेवर झाला तर सगळं शेत एकसारखं हिरवं. शेतकरी खूश, विमानातला फोटोग्राफर रिकाम्या हाताने परत.

(दृश्य: कलंडलेलं विमान, उघडी खिडकी)

उंची साधारण 1500 फूट. खिडकी उघडी ठेवायची, कारण बंद काचेवरची चमक फोटोत उतरते. विमान एका पंखावर कलतं करून शेताभोवती फेरी मारायची. एका बाजूने ठळक दिसणारी खूण दुसऱ्या बाजूने गायब होते. नवखा माणूस नेमकं वर्तुळच चौकटीत भरतो. फोटो देखणा येतो, पण नकाशावर चढत नाही. तिरप्या फोटोत वर्तुळ लंबगोल दिसतं. ते सरळ करायला नकाशावर सापडतील असे किमान चार बिंदू त्याच फोटोत हवेत. कुंपणाचा कोपरा, रस्त्याचा फाटा, गोठ्याची भिंत, काहीही चालेल.

(दृश्य: 1906 चा कृष्णधवल फोटो)

कॅमेऱ्याच्या निगेटिव्हांपैकी आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी याच काउंटीतली. ऑगस्ट 1835 मध्ये हेन्री फॉक्स टॅलबटने लेकॉक ॲबीची जाळीदार खिडकी कागदावर टिपली. तिथून सुमारे 70 वर्षांनी, 1906 मध्ये, लेफ्टनंट फिलिप शार्प सैन्याच्या दोराने बांधलेल्या फुग्यातून वर गेला आणि त्याने स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचा वरून फोटो घेतला. दगडांभोवतीचा चर त्यात ओळखू येतो.

पण आकाशातून जमीन वाचायची पद्धत बसवली ती पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्डने. ब्रिटिश वायुदलाने 1921 मध्ये सरावासाठी काढलेले फोटो त्याने पुढे तपासले. स्टोनहेंजकडून एव्हन नदीकडे जाणाऱ्या प्राचीन वाटेचा हरवलेला तुकडा त्यात दोन बारीक समांतर रेघा होऊन पडला होता. 1923 मध्ये त्या रेघांवर खणून पाहिलं, चर मिळाले. पुढच्याच वर्षी ॲलेक्झांडर कीलर या धनिकाने विमानाचा खर्च उचलला. मार्मलेडच्या धंद्यातला पैसा, आणि तो चांगल्या कामी लागला!

(दृश्य: वुडहेंज, काँक्रीटचे खुंट)

डिसेंबर 1925. वायुदलाचा वैमानिक, स्क्वाड्रन लीडर गिल्बर्ट इन्सॉलला स्टोनहेंजपासून जवळच एका शेतात वर्तुळ आणि आत पांढरे ठिपके दिसले. तो घाईने निष्कर्ष काढत नाही, उन्हाळ्यापर्यंत थांबतो. गहू चांगला वाढल्यावर ठिपक्यांच्या एकात एक रांगा पिकात स्पष्ट उमटल्या. पुरातत्त्वज्ञ मॉड कनिंग्टन आणि तिचा नवरा बेन यांनी 1926 पासून तिथे उत्खनन केलं. ठिपके म्हणजे लाकडी खांबांचे खड्डे निघाले, सहा लंबगोल रांगांमध्ये. हेच वुडहेंज. आज दिसणारे बुटके काँक्रीटचे खुंट त्या खड्ड्यांच्याच जागी रोवलेत.

(दृश्य: ट्रॅक्टर, नांगरट)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खोल नांगरटीत अशी कितीतरी टेकाडं गेली. सॉल्सबरी प्लेन या इथल्या माळरानावरची टेकाडं मात्र अजून उभी आहेत, कारण 1897 पासून ती जमीन लष्कराकडे आहे.

(दृश्य: स्टोनहेंज, वाळलेलं गवत)

2013 च्या कोरड्या उन्हाळ्यात स्टोनहेंजच्या गवताला पाणी द्यायचा पाइप अपुरा पडला. जिथवर पाणी पोचलं नाही तिथे गवत करपलं, आणि करपलेले डाग नेमके बेपत्ता दगडांच्या जागी आले. दगडांचं वर्तुळ एके काळी पूर्ण होतं का, या जुन्या वादात पूर्ण असण्याच्या बाजूला पुरावा मिळाला तो असा. पाइप लांब असता तर वाद होता तिथेच राहिला असता.

(दृश्य: संगणकाचा पडदा, फोटोंचा नकाशा)

हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या संग्रहातले 1919 पासूनचे हवाई फोटो आज घरबसल्या मोफत पाहता येतात. नकाशावर गाव शोधा, फोटो उघडा आणि आधी तारीख पाहा. जून-जुलैमध्ये पिकातल्या खुणा. नांगरटीनंतर तपकिरी मातीत पांढरे पट्टे. हिवाळ्यात, सूर्य खाली असताना, उंचवट्यांच्या सावल्या. सावलीचा फोटो नेहमी असा फिरवा की सावली आपल्याकडे पडेल. उलटा धरला तर डोळा फसतो, खड्डा टेकाड दिसतो.

मग त्याच जागेचा दुसऱ्या वर्षाचा फोटो लावून पाहा. सरळ, बांध न जुमानता जाणारी रेघ रोमन रस्ता असू शकते. पण जुन्या फोटोत ती नसेल तर बहुधा पाण्याची किंवा गॅसची पाइपलाइन. वर्तुळाचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधायच्या प्रकाशझोताच्या दिव्यांभोवती गोल चर आणि बांध घातले जात. तेही पिकात टेकाडासारखेच उमटतात, म्हणून 1940 च्या दशकातला वायुदलाचा फोटो काढून पाहायचा. त्यात वर्तुळाशेजारी सैन्याच्या झोपड्या दिसल्या, तर चराचं वय 4000 नव्हे, 80 च्या आसपास.