नवव्या वर्षीचा ब्लॅक बेल्ट

(कराटे क्लासच्या उन्हाळी शिबिराच्या समारोपाला पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

बसून घ्या सगळे. पोरं मैदानावर आहेत, अर्धा तास तरी आत यायची नाहीत. तेवढ्यात बोलून घेतो, कारण हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ९ वर्षांच्या मुलाला ब्लॅक बेल्ट दिला होता. मुलगा चपळ. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, आखीवरेखीव करायचा, पाय माझ्या कानापर्यंत आणायचा. स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर बेल्ट बांधला, आजोबांनी पेढे वाटले, पेपरात फोटो आला आणि पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे प्रवेशासाठी रांग लागली. सहा महिन्यांत त्या मुलानं क्लास सोडला. वडील मला म्हणाले, "सर, आता शिकायचं काय राहिलं?" त्यात टोमणा नव्हता, ते खरोखरच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही.

तो १७ वर्षांचा झाल्यावर परत आला. कुठल्याशा शाळेत मुलांना कराटे शिकवायचं काम मिळत होतं, त्यासाठी प्रमाणपत्राची दुसरी प्रत हवी होती. म्हटलं, देतो की, आधी हेयान शोदान करून दाखव. हेयान शोदान म्हणजे शोतोकान शैलीच्या कराटेतला अगदी पहिला काता, तुमची यलो बेल्टची मुलं करतात तो. डावीकडे वळला, गेदान बराई केली, म्हणजे हात खाली झटकून वार अडवला, पुढे जाऊन ओइ-झुकी, म्हणजे सरळ ठोसा, मारला, मागे वळून पुन्हा गेदान बराई. चौथ्या हालचालीला अडला आणि ओशाळून हसला. मीही हसलो, पण त्या प्रमाणपत्राखाली सही माझी होती.

तेव्हापासून ग्रेडिंग, म्हणजे बेल्टच्या परीक्षा, आणि वय यावर मी बराच विचार केला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका.

जपानमधल्या ओकिनावाच्या शाळांत कराटे आलं १९०१ साली. आणलं अंको इतोसू यांनी. मोठ्यांचे जुने काता लहान मुलांना झेपत नाहीत हे ओळखून त्यांनी पुढच्या काही वर्षांत पाच सोपे काता बसवले, त्यांना पिनान म्हणतात. १९०८ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांना दहा मुद्द्यांचं पत्रही लिहिलं, प्राथमिक शाळेपासून कराटे शिकवा म्हणून. पुढे त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन कराटे घेऊन टोकियोला आले. ते स्वतः शाळामास्तर होते. त्यांनी याच पाच कातांना हेयान हे नाव दिलं आणि पहिल्या दोघांचा क्रम उलटा केला, कारण इतोसूंचा दुसरा काता पहिल्यापेक्षा सोपा होता. मला ही गोष्ट फार आवडते. गुरूचा क्रम मोडला, तो शिकणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

आता गंमत पाहा. ओकिनावातली शाळकरी पोरं पिनान शिकत होती तेव्हा कराटेत एकही बेल्ट नव्हता. पांढराही नव्हता, काळाही नव्हता. दानची, म्हणजे वरच्या श्रेणींची, पद्धत आली ज्युदोतून. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये पहिल्यांदा शोदान, म्हणजे पहिला दान, दिलं. ते मिळालेल्या दोघांपैकी सायगो शिरो १७ वर्षांचा होता. फुनाकोशींनी तीच पद्धत उचलली आणि १९२४ मध्ये कराटेतले पहिले दान दिले, तेही मोठ्या माणसांना. पिवळा, नारिंगी, हिरवा या रंगांचं चलन नंतर युरोपात वाढलं. १९३५ मध्ये पॅरिसला गेलेले ज्युदो शिक्षक मिकिनोसुके कावाइशी यांचं नाव त्यात घेतलं जातं. म्हणजे मुलांसाठी जो भाग बनला त्याला बेल्ट नव्हता, आणि बेल्ट बनला तो मोठ्यांसाठी. दोन्ही एकत्र बांधले ते आम्ही, क्लासवाल्यांनी.

का बांधले? हिशेब सोपा आहे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सर्वसाधारणपणे दहा पायऱ्या. दर तीन महिन्यांनी परीक्षा घेतली की तीस महिन्यांत, म्हणजे अडीच वर्षांत पोरगं ब्लॅक बेल्ट. पाचव्या वर्षी घातलेलं साडेसातव्या वर्षी. प्रत्येक परीक्षेची फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे, प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिलं तर त्याचे आणखी. मासिक फी वेळेवर येत नाही, परीक्षेची मात्र आदल्या दिवशी येते. मग परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायची की चारदा, हे कोण ठरवतं? मी. पास-नापास कोण ठरवतं? तेही मीच. आणि नापास झालेलं पोर दुसऱ्या क्लासला जाणार, हे मला पक्कं माहीत. अशा परीक्षेत कोणी नापास झालेलं तुम्ही पाहिलंय का?

तुमच्यातल्या काहींची मुलं गाणं शिकतात, तबला शिकतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेला, मध्यमेला मूल बसतं, तेव्हा समोर त्याचे गुरुजी परीक्षक म्हणून बसतात का? बाहेरून परीक्षक येतो. मुलाला ठेका सुटला तर सुटला, गुरुजी बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत असतात. योगायोग बघा, विष्णू दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेही १९०१ सालीच. इतोसूंनी शाळेत कराटे आणलं त्याच वर्षी. आमच्याकडे मात्र गुरुजीच परीक्षक आणि गुरुजीच खजिनदार.

असो. वयाकडे येतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाची परीक्षा घ्यायची म्हणजे काय बघायचं? त्याला डावं-उजवं अजून पक्कं नसतं. मी समोर उभा राहून डावा हात दाखवला की तो आरशासारखा उजवा उचलतो. ही चूक त्याची नाही. एका हातानं ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी खेचायचा, त्याला हिकिते म्हणतात. ती गोष्ट त्या वयात शंभरदा सांगावी लागते. कारण दोन हातांनी एकाच वेळी दोन उलट कामं करणं मेंदूला तेव्हा जडच जातं. या वयात मुलानं धावावं, कोलांट्या माराव्यात, पडायला शिकावं, पकडापकडी खेळावी. त्याला ग्रेड कसली देता?

पुढे ८ ते १२. या वयात मुलं अनुकरणात पटाईत असतात, म्हणून काता देखणा करतात. इथेच आपण सगळे फसतो. मीही फसलो. देखणा काता म्हणजे पाठांतर. ते वाईट नाही. पाढे पाठ असलेच पाहिजेत. पण पाढे पाठ आहेत म्हणून त्याला कोणी गणिताचा मास्तर करत नाही. या वयात मी स्टान्स, म्हणजे पवित्रा, नीट आहे का बघतो, झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढच्या पायावर भार असलेल्या पवित्र्यात, पुढचा गुडघा बोटांच्या दिशेला आहे की आत पडतोय ते बघतो, हजेरी बघतो. जोर मागत नाही. मुठींवर फरशीवर डिप्स मारायला लावत नाही. आणि स्नेहसंमेलनात कौलं फोडायचा कार्यक्रम आमच्याकडे कायमचा बंद आहे, त्यावरून कोणी नाराज असेल तर असो. मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते, तिथून हाड वाढतं. ती पट्टी हाडाहून नाजूक असते. मुलींमध्ये साधारण चौदा-सोळाच्या आसपास आणि मुलांमध्ये त्यानंतर एक-दोन वर्षांनी ती बंद होते. तोवर कोवळ्या हातांनी मंगलोरी कौलं फोडून कोणाला काय सिद्ध करायचंय? टाळ्या मिळतात, एवढंच.

बाहेरचे लोक काय करतात तेही सांगतो. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत १४-१५ कॅडेट, १६-१७ ज्युनियर. कातामध्ये १६ व्या वर्षी सीनियर गटात उतरता येतं, पण कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, १८ पूर्ण व्हावी लागतात. एकाच खेळात दोन वयं का? कातात समोर कोणी नसतं, कुमितेत असतं. तायक्वांदोत कुक्कीवॉन, म्हणजे त्या खेळाचं जागतिक मुख्यालय, १५ च्या आतल्या मुलांना दान देतच नाही, पूम ही मुलांची वेगळी श्रेणी देतं, आणि पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. ब्राझिलियन जिउ-जित्सूची मोठी आंतरराष्ट्रीय संघटना १६ च्या आत निळा पट्टाही देत नाही. लहान मुलांचे रंगच वेगळे: करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा. यातलं कोणीही मुलांना कमी लेखत नाही. ते फक्त मोठ्यांचा शब्द मुलांसाठी वापरत नाहीत.

आणि शोदान या शब्दाचा अर्थ काय? 'शो' म्हणजे आरंभ. पहिली पायरी. मुळाक्षरं संपली, आता वाचायला लागा, एवढाच. आपण त्याचा पीएचडी करून टाकला.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत मला एकच गोष्ट मुलांकडून मिळत नाही. मोकळ्या कुमितेत समोरच्याचा ठोसा चुकून नाकावर बसला, डोळ्यांत पाणी आलं, राग आला, तरी पुढचा ठोसा त्वचेपाशी थांबवायचा. हा ताबा दहाव्या वर्षी नसतो. नसलाच पाहिजे, नाहीतर मुलाला काहीतरी झालंय असं समजा. तालमीत वस्ताद पोराची जोड लावतो तेव्हा वजन बघतो, वय बघतो, आणि पोर चिडकं आहे का तेही बघतो. चिडकं असेल तर आणखी वर्षभर मेहनत करून घेतो. तालमीत बेल्ट नसतो म्हणून वस्तादाचं कोणाचं अडत नाही.

आता आपल्या क्लासचे नियम. सात पूर्ण होईपर्यंत ग्रेडिंग नाही. त्यानंतर बाराव्या वर्षापर्यंत वर्षात जास्तीत जास्त दोन परीक्षा. मधल्या काळात हुरूप टिकावा म्हणून बेल्टच्या टोकाला एक पट्टी शिवून मिळेल, ती आईनं शिवली तरी चालेल. सोळाच्या आत कोणी त्या पातळीला पोचलंच तर ज्युनियर ब्लॅक बेल्ट, मधून पांढरी रेघ असलेला, आणि प्रमाणपत्रावरही तसंच लिहिलेलं असेल. सोळा पूर्ण झाल्यावर पुन्हा परीक्षा, बाहेरच्या परीक्षकापुढे. तिथे नापास झालं तर रेघ राहील. कोणी म्हणेल, दुसऱ्या संघटनेत वयाचा आकडा वेगळा आहे. असेल. चौदा आणि सोळा यावर मी भांडणार नाही. नऊवर भांडेन.

जन्मदाखला लागेल, शाळेचा दाखला चालणार नाही. हसू नका. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला यायचा, मास्तरांच्या सोयीनं. हल्ली ते कमी झालंय, पण वयोगटाच्या स्पर्धेत एक वर्ष चोरायचा मोह पालकांना अजून होतो. बारा वर्षांचं पोर दहाच्या गटात घुसवलं की पदक मिळतं आणि समोरच्या दहा वर्षांच्या पोराचा दात पडतो. माझ्या मॅटवर हे झालेलं आहे.

दहावीच्या सवलतीच्या गुणांविषयी एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवलीय. ताई, ते गुण शासनमान्य स्पर्धेत खेळल्याबद्दल मिळतात. बेल्टचा त्यात काही संबंध नाही. ब्लॅक बेल्ट घाईनं घेतला की टक्के वाढतात, असं जर कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

आणखी एक चिठ्ठी आहे: "माझी मुलगी हुशार आहे, तिला थांबवणं अन्याय नाही का?" हुशार मुलीला काय शिकवायचं ते पुष्कळ आहे हो. पाच हेयान झाले की तेक्की, बस्साई हे पुढचे काता आहेत, प्रत्येक हालचालीचा अर्थ समोर जोडीदार उभा करून शिकायचा आहे. खालच्या बॅचच्या मुलांना हिकिते शिकवायची जबाबदारी मी तिला देईन. तिला कोणी थांबवत नाही, फक्त कमरेचा रंग थांबलाय.

शेवटचं, पैशाचं. या जूनपासून परीक्षेची वेगळी फी नाही. मासिक फीमध्ये थोडी वाढ आहे, पत्रकात आकडा छापलाय. बेल्ट कोल्हापूरहून येतो त्याच किमतीत मिळेल, पावतीसकट. मूल पास झालं काय नि नापास झालं काय, मला तेवढेच मिळणार. परीक्षा ऑक्टोबरच्या सुट्टीत आणि मार्चच्या आधी. परीक्षक बाहेरचे येतील आणि मी त्या दिवशी तुमच्याबरोबर व्हरांड्यात असेन.

पोरांचा आवाज जवळ आला. कोणीतरी चहाचं बघा.