काळ्या स्क्रीनवर एकच काम

हा माझा डेस्कटॉप बघा. कोपऱ्यात मेलचा आकडा ४, खाली चॅट उड्या मारतंय, ब्राउजरमध्ये सतरा टॅब, आणि मला लिहायचंय फक्त एक पान. अर्धा तास झाला, दोन ओळी झाल्यात.

आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबतो. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे म्हणून चालतं हे. गेलं सगळं! काळा स्क्रीन, लॉगिन एवढाच शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं मशीन गेलं.

पासवर्ड टाकताना इथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, बोटांवर विश्वास ठेवायचा. मग व्हिम उघडायचा, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम. हा १९९१ चा, आणि तो ज्याच्यावरून आला तो व्हीआय बिल जॉयने १९७६ मध्ये लिहिला, त्यामुळे माउस लागतच नाही, सगळं कीबोर्डवर. बाहेर कसं पडायचं हे मात्र आधी शिकून घ्या, एस्केप, कोलन, क्यू, एंटर, नाहीतर अडकून बसाल.

मेल येणं थांबलेलं नाही बरं का. डेस्कटॉप मागे चालूच आहे, पण नोटिफिकेशनची चौकट तो त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर काढतो, आणि तो स्क्रीन आत्ता माझ्यासमोर नाहीये, विषय संपला. मेल बघायचाच असेल तर मट नावाचा, याच काळ्या स्क्रीनवर चालणारा मेलचा प्रोग्राम उघडायचा, म्हणजे मी मेलकडे जायचं, मेलने माझ्याकडे नाही.

मराठी लिहायची म्हटलं की मात्र गाडी अडते. या काळ्या स्क्रीनच्या, म्हणजे कन्सोलच्या, फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रं मावतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येतच नाही, म्हणून मराठीसाठी मी परत डेस्कटॉपवर येऊन टर्मिनलची, म्हणजे डेस्कटॉपवरच्या अशाच कमांड लिहायच्या प्रोग्रामची, खिडकी फुलस्क्रीन करतो, नोटिफिकेशन हाताने बंद करतो, आणि तरी एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतेच.

अजून एक. टीमक्स नावाचा प्रोग्राम स्क्रीनचे हवे तेवढे तुकडे करून देतो. भारी आहे, पण त्याची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, सजवण्यात माझे दोन रविवार गेले, म्हणजे टाइमपास तोच, फक्त काळ्या रंगातला.

पान झालं. सेव्ह. परत जायला माझ्याकडे कंट्रोल, ऑल्ट, एफ२, तुमच्याकडे कदाचित एफ१ किंवा एफ७ असेल. मेलचा आकडा ११ झालाय. उघडून बघतो, सातही नवीन मेल जाहिरातींचे.