झायनच्या आया

नमस्कार श्रोतेहो.

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, आनंदीबाई जोशी. १८८६ साली त्या तिथून डॉक्टर झाल्या. मला आज सांगायचंय ते त्यांच्या आठ वर्षं आधी त्याच कॉलेजातून पदवी घेतलेल्या एका बाईबद्दल. दोघींच्याही वेळी कॉलेजच्या डीन रेचल बॉडलीच होत्या. या बाईचं नाव एलिस शिप. गाव अमेरिकेच्या यूटा प्रांतातलं सॉल्ट लेक सिटी, धर्म मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ. त्या काळी त्यात बहुपत्नीत्व होतं.

१८७५च्या नोव्हेंबरात एलिस घरातून निघाली तेव्हा तिच्या पदरात तीन लहान मुलगे होते. खरं तर आधी तिची सवत गेली होती शिकायला. तिला घरची आठवण सोसेना, ती महिन्याभरात परतली. मग तिच्या जागी एलिस गेली आणि मुलं सवतींनी सांभाळली. सवत हा शब्द काढला की आपल्याकडे बोटंच मोडली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. बहुपत्नीत्वाचं गुणगान मला करायचं नाही. त्या घरांमध्ये रडणंही कमी नव्हतं. शिकत असताना मध्येच एलिसला आणखी एक मुलगी झाली. तान्हं मूल कडेवर घेऊनच शिक्षण पुरं झालं. परत आल्यावर तिने सुइणींची आणि परिचारिकांची शाळा काढली, शेकडो जणींना शिकवलं. तिला स्वतःला दहा मुलं झाली. त्यांतली काही लहानपणीच गेली.

आता गंमत अशी, की बायकांनी डॉक्टरी शिकावी असं सांगणारे होते खुद्द ब्रिगहॅम यंग, या पंथाचे दुसरे प्रमुख. यूटात बायकांना १८७० सालीच मताचा हक्क मिळाला होता. तो १८८७ मध्ये अमेरिकन संसदेने बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यात काढून घेतला आणि १८९६ साली यूटा राज्य झालं तेव्हा परत मिळाला. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आली. देशातली पहिली स्त्री राज्य-सिनेटर. तीही डॉक्टर, आणि आपल्या नवऱ्याची चौथी बायको. त्या निवडणुकीत नवराही विरुद्ध पक्षाकडून उभा होता. तो पडला.

ही सगळी पणज्यांची गोष्ट झाली. पुढे काय झालं ते समजायला त्यांच्या श्रद्धेत थोडं डोकवावं लागेल. मॉर्मन मानतात (हे नाव आता त्यांच्या चर्चला फारसं आवडत नाही, पण आपल्याला तेच ओळखीचं आहे), तर ते मानतात की माणसाचा आत्मा जन्माआधीपासून असतो, आणि देह मिळण्याची वाट पाहत असतो. देवपित्याबरोबर स्वर्गात एक आईही आहे, असंही मानतात. मंदिरात बांधलेलं लग्न आणि त्या घरातली मुलं मरणानंतरही एकत्रच राहतात. आता एवढं मनात धरलं की मूल होणं ही खासगी बाब उरत नाही. कुणीतरी पलीकडे दाराशी थांबलंय, आणि दार तुम्ही उघडायचंय. बाईने ‘आत्ता नको’ म्हटलं तर ते तिला स्वतःलाच टोचत राहतं.

त्यात पुरुषांना बाराव्या वर्षापासून पौरोहित्य, आणि बायकांना नाही. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, तुम्हाला मातृत्व आहे ना! यावर तिथल्याच बायकांनी बोट ठेवलं, की मातृत्वाची जोडी पितृत्वाशी लागते, पौरोहित्याशी कशी लावता? मला तरी याचं पटण्यासारखं उत्तर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

१९८७च्या फेब्रुवारीत चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी झायनच्या मातांना उद्देशून भाषण केलं. झायन म्हणजे त्यांची पुण्यभूमी. मुलं लांबणीवर टाकू नका, आईची जागा घरात आहे, असा सूर. त्यात आधीच्या अध्यक्षांचे शब्दही आले: टाइपरायटर सोडून घरी या, लाँड्री सोडून, कारखाना सोडून, रुग्णांची शुश्रूषा सोडून घरी या. शुश्रूषा! जिथे एलिस शिपने परिचारिका घडवल्या, त्याच गावच्या चर्चचा हा निरोप.

प्रमुखाचा शब्द तिथे संदेष्ट्याचा शब्द असतो. कितीतरी जणींनी नोकऱ्या सोडल्या, शिक्षण अर्धवट टाकलं. काहींना त्यात खरंच सुख लाभलं, हे कमी लेखू नका. बाळंतिणीच्या घरी आठवडाभर डबे पोचवणं, सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवणं, वर्षाचं धान्य भरून ठेवणं, हे सगळं बायकाच चालवतात, आणि मन लावून चालवतात. रिलीफ सोसायटी नावाची त्यांची संघटना १८४२ सालची आहे. तिने चाळीसेक वर्षं जमवलेला गहू पहिल्या महायुद्धात सरकारला उपयोगी पडला होता. ‘चूल आणि मूल’ हे आपण टोमणा म्हणून वापरतो. तिथल्या अनेक जणी तेच मान ताठ ठेवून सांगतात.

पण ज्यांना ते जमलं नाही, किंवा मिळालंच नाही, त्यांचं काय? मदर्स डेच्या रविवारी चर्चमध्ये बायकांना फूल किंवा चॉकलेट देण्याची पद्धत आहे. मूल नसलेल्या कित्येक जणी त्या रविवारी चर्चला जातच नाहीत. २००१ साली शेरी ड्यू या अविवाहित नेत्या व्यासपीठावरून म्हणाल्या, की बायबलमधल्या पहिल्या स्त्रीला, हव्वेला, मूल होण्याआधीच सर्वांची माता म्हटलं गेलं, मग आपण सगळ्याच माता नाही का? काहींना याने धीर आला. काहींना वाटलं, शब्दाचं पांघरूण घातलं, थंडी तशीच.

२००७ मध्ये रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षा ज्युली बेक यांनी संगोपनाचा अर्थ घरकाम असा लावला. स्वयंपाक, धुणंभांडी, नीटनेटकं घर. शेकडो मॉर्मन बायकांनी जाहीर उत्तर लिहून सह्या केल्या. भांडण चर्चच्या बाहेरून आलेलं नव्हतं, घरातच लागलं होतं.

मला यात चिएको ओकाझाकी सगळ्यांत जवळच्या वाटतात. हवाईच्या बौद्ध घरात जन्मलेल्या, दोन मुलगे वाढवत शाळेत शिकवणाऱ्या, पुढे मुख्याध्यापिका. बेन्सन यांच्या भाषणानंतर तीनच वर्षांनी त्याच चर्चने या नोकरदार आईला रिलीफ सोसायटीच्या नेतृत्वात बसवलं! त्यांच्याच काळात, १९९५ साली, चर्चने कुटुंबाविषयीची घोषणा जाहीर केली. मुलांच्या संगोपनाची मुख्य जबाबदारी आईची, असं तीत आहे. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की ती लिहिताना आम्हा बायकांना कुणी विचारलंच नाही.

२०२२पासून रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षा आहेत कॅमिल जॉन्सन. तीन मुलगे वाढवत त्यांनी वर्षानुवर्षं वकिली केली, आणि त्याबद्दल त्या मोकळेपणाने बोलतात. हे ऐकून तरुण मुली खूश झाल्या. दुखावल्या त्या त्यांच्याच वयाच्या बायका. आम्ही तर सांगितलं तसं वागलो, घरी बसलो, मग आज कौतुक हिचं का, असा त्यांचा सवाल होता.

१९८७ साली पंचविशीत असलेल्या त्या बाया आज साठी ओलांडून गेल्या आहेत.

नमस्कार.